येळवसीची शर्यत

धनलक्ष्मीच्या पायाला भिंगरी होती, आणि ती कुणाकडून आली यावरून त्या घरात कधी एकमत झालं नाही. आई सुभद्राबाई म्हणायची, बापाकडनं आलीय. बाप तुळजाराम बिदरजवळ कोळारच्या एका कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढा दुबलगुंडीला यायचा. तो म्हणायचा, माझ्या आज्याकडनं आली असंल, मेंढरं घेऊन बारा महिने हिंडत होता तो. आता मेंढरं संपल्यात जमा होती. काका योगीराज थोडकी राखून होता, तेवढीच. पण भिंगरी काही संपली नव्हती. पोरगी जेवायला बसली तरी तिचा गुडघा हलत राहायचा. शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या पोरींची अक्षरं वाकडी यायची, कारण सगळा बाकच थरथरायचा.

सायकल तिला रीतसर कुणी दिली नाही. थोरल्या भावाला, श्रीशैलला, शाळेतून सरकारी सायकल मिळाली होती. तो कामाला हैदराबादला गेला आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजायला लागली. काकाला रानात भाकरी पोचवायच्या निमित्तानं धनूनं ती बाहेर काढली. आता भाकरी पोचवायला कुणी एवढा जीव खाऊन पायडल मारतं का? ही मारायची.

एका सकाळी रस्त्यानं बिदरकडच्या हौशी सायकलवाल्यांचा घोळका गेला. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला टोपडी, माना खाली. धनूच्या हँडलला एकीकडं भाकरीचं गठुडं, दुसरीकडं वरणाची किटली. काकाचं रान डाव्या हाताला मागं पडलं तरी ती त्यांच्या मागं लागली. कामून, कशासाठी म्हणून विचाराल तर तिलाही सांगता आलं नसतं. पुढं गेलेलं कुणी दिसलं की तिला बसवत नसे, एवढंच. घोळक्यातली माणसं वळून बघायची आणि जोर करायची, आणि ही आहेच मागं. पुढच्या फाट्यावर ते चहाला थांबले तेव्हा ही त्यांच्यापुढनं निघून गेली. वरण सगळं पायावर सांडलेलं. काकानं त्या दिवशी कोरडी भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी घरी येऊन तिचा पार उद्धार केला.

पण त्या घोळक्यात संकर्षण नावाचा एकजण होता, आणि त्याची बहीण सुकन्या धनूच्याच शाळेत पीटी शिकवायची. भावानं घरी जाऊन सांगितलं, "तुझ्या शाळेतली एक मुलगी वरणाची किटली घेऊन आम्हाला मागं टाकते, आणि तू तिला कवायत काय शिकवत बसलीस?"

तिथून धनूचं खरं सायकलिंग सुरू झालं. सुकन्या मिसनी भावाची एक जुनी रेसची सायकल मागून आणली. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. पहिल्या आठवड्यात धनूनं दोन्ही कोपरं सोलून घेतली. पडण्याचं तिला काही वाटत नव्हतं. जड गेलं ते दुसरंच. मिस म्हणायच्या, "अगं, सुरुवातीलाच सगळा जीव काय काढतेस? पुढचीच्या चाकाला चिकटून राहा. वारा तिला खाऊ दे. तू शेवटी निघ."

"मागं राहवत न्हाई मिस."

"राहवत नाही तर शीक."

आणि ती शिकली, पण दात ओठ खाऊन शिकली. दुसऱ्याच्या चाकामागं राहायचं म्हणजे तिला बांधून घातल्यागत व्हायचं. उतारावर हात शिवशिवायचे, चढावर पाय. घरी आली की हे सगळं आईसमोर बाहेर पडायचं, आणि आई पण काही कमी नव्हती.

"सायकलनं पोट भरतंय का?" सुभद्राबाई म्हणायची.

"भरतंय. विजापूरला सायकलवाल्या पोरींचं सरकारी वसतिगृह हाय. जेवण तिथंच, शाळा तिथंच, सायकल बी तिथलीच."

"आन् आई? आई बी तिथलीच देत्यात का?"

मग धनू अंगणातून उगाच एक चक्कर मारून यायची.

त्या वसतिगृहाची निवड-शर्यत डिसेंबरच्या शेवटी ठरली. बिदर आणि कलबुर्गी, दोन्ही जिल्ह्यांच्या पोरी एकत्र. हुमनाबादहून निघायचं, बऱ्याच गावांना वळसा घालून दुबलगुंडीच्या शाळेपुढं संपवायचं. पहिल्या दोघी विजापूरला जाणार, बाकीच्या घरी. पुढच्या वर्षी धनू वयात बसत नव्हती. म्हणजे काय ते यंदाच. ते कळल्यापासून तिला धड झोप नाही, धड जेवण नाही. मिसनी तारीख सांगितली तेव्हा ती आनंदानं घरी पळत आली, आणि दारातच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे आमच्या भागात घरं ओस आणि शेतं भरलेली. मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव उठून रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, आंबील शिंपायची आणि मग जेवायचं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकंभर ताकातली आंबील. आणि त्या दिवसाचा एक कडक रिवाज असा, की शेताजवळच्या वाटेनं जाणारा माणूस उपाशी जाता कामा नये. ओळखीचा असो, परका असो, हाताला धरून आणायचा. आधी वाटसराला वाढायचं, घरच्यांनी सगळ्यात शेवटी. तारीख काढणारा अमरनाथ नावाचा साहेब तिकडं म्हैसूरकडचा. त्यानं कॅलेंडरात लाल रविवार बघितला आणि खूण केली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"येळवसीला शेत सोडून सायकल?" शर्यतीच्या सकाळी उंडे वळता वळता सुभद्राबाईचे हात थांबले. "पांडव मांडायच्या येळंला घरची लेक न्हाई, लोक काय म्हनतील?"

"लोक आपापल्या शेतात असत्यात आई. कोण बघायलंय?"

"लक्ष्मी बघायलीय."

"तारीख काय मी काढली? सायबाच्या गावाला येळवस नसती."

सुभद्राबाईला हे खरंच वाटेना. "मग त्या दिशी खात्यात काय ती लोकं?" तिनं विचारलं, आणि मग पुन्हा रागावली. "जा. पर एक ध्यानात ठेव. पहिली आलीस तरी मी विजापूरला धाडनार न्हाई. माझी एकुलती एक लेक हाय तू."

धनू न जेवता निघाली. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी पाय आधीच चालायला लागलेले.

शर्यत सुटली तेव्हा थंडी चांगली होती आणि रस्ते रिकामे होते. सुरुवातीला पोरींची एकच गर्दी. मग चढ लागले तशी गर्दी विरळ झाली. पुढं उरल्या तिघी. एक कलबुर्गीकडची भाग्यवंती, बुटकी आणि दणकट. दुसरी बिदरची एक उंच पोरगी, जिच्या शिक्षकानं तिच्यासाठी जीपमधून आरोळ्या मारायला सुरुवातीपासूनच घसा साफ करून ठेवला होता. आणि तिसरी धनू. ती उंच पोरीच्या चाकामागं चिकटली आणि मिसचं वाक्य जपासारखं म्हणत राहिली, शेवटी निघ, शेवटी निघ. पाय म्हणत होते, आत्ताच. अर्ध्या रस्त्यावर एका वळणावर पाय जिंकले. वाऱ्यात ती एकटी पुढं गेली, थोडा वेळ गेली, आणि मग दम संपला. दोघी तिला ओलांडून गेल्या. बघता बघता शंभरेक हातांचं अंतर पडलं आणि ते काही केल्या तुटेना. तिला स्वतःचा इतका राग आला की ती चालत्या सायकलवर रडली.

पुढं पंचाची मोटरसायकल असायला पाहिजे होती, पोरींना वाट करून द्यायला. ती दिसेना. ती कुठं होती ते पुढं कळलंच. एका शेतापाशी चार म्हाताऱ्यांनी त्या पंचाला हात धरून खाली उतरवला होता, आणि तो आता बांधावर मांडी घालून खीर पीत होता. जीप पण मागं कुठंतरी अशीच अडवलेली.

गाव जवळ आलं. उजव्या हाताला तुळजारामचं शेत लागलं. आणि धनूनं बघितलं, की रस्त्यावर बायका आडव्या उभ्या आहेत. हातात भरलेले तांबे, मध्ये सुभद्राबाई, डोक्यावर पदर, कमरेवर हात. भाग्यवंतीला ब्रेक दाबावाच लागला. उंच पोरगी तिच्यावर आदळता आदळता थांबली.

"अगं लेकरं घामानं भिजल्यात बघा," सुभद्राबाई म्हणाली. "पोटं पाठीला लागल्यात. उतरा गं, आंबील पिऊन जावा."

"बिडरी अक्का, रेस अदा," भाग्यवंती कन्नडमध्ये कळवळून म्हणाली, सोडा अक्का, शर्यत आहे. पण एका बाईनं तिच्या हँडलाला मिठी घातली होती आणि दुसरीनं तांब्या तोंडाला लावला होता. भाग्यवंती त्याच मुलखातली. येळवसीचं अन्न लोटायचं कसं, हे तिलाही कळेना. ती घटाघटा पिऊ लागली. बाकीच्या बायांनी उंच पोरीच्या हातात भज्जी-उंडा कोंबला आणि दोघींना दोन-दोन तांबे पाजल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवून टाकलं.

तेवढ्यात धनू तिथं पोचली. तिनंही ब्रेकवर हात नेला. सुभद्राबाईनं तिच्याकडं बघितलं आणि हातानं पुढं जा अशी खूण केली.

"तू हो पुढं. तू घरचीच हायेस, तुला मागनं." गलक्यात ते बाकीच्या दोघींना ऐकू गेलं नाही.

बायकांनी कडेला सरकून वाट दिली. आणि धनू गेली. विचार करायला तिला कधी जमलंच नव्हतं, त्या क्षणी तरी कुठून जमणार. शाळेपुढची चुन्याची रेघ तिनं एकटीनं ओलांडली. सुकन्या मिसनी तिला सायकलसकट मिठी मारली.

मग बऱ्याच वेळानं भाग्यवंती आली, ओठांवर आंबलीची पांढरी मिशी घेऊन. तिच्यामागं उंच पोरगी रडत रडत. आणि त्याहीमागं जीप, आणि जीपमधून तो शिक्षक उतरला तो शाळेपुढं उभ्या अमरनाथ साहेबांवर थेट तुटून पडला. गावकऱ्यांनी आपली पोरगी जिंकावी म्हणून बाकीच्यांना अडवलं, हा कट आहे, वगैरे वगैरे. अमरनाथ साहेब सगळं ऐकून घेत राहिले. मग ते कन्नडमध्ये म्हणाले, रस्त्यावर परक्या लोकांनी अडवलं तर ते नशीब, निकाल राहील. पण स्पर्धकाच्या घरच्यांनी अडवलं असेल तर ती स्पर्धक बाद.

सुकन्या मिसचा चेहरा पांढरा पडला. त्यांना सुभद्राबाई चांगल्या ठाऊक होत्या. त्या धनूजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "विचारल्याशिवाय काही बोलू नकोस." गावात त्या दिवशी साक्ष द्यायला चिटपाखरू नव्हतं, सगळे रानात.

आणि नेमकी तेव्हाच सुभद्राबाई बायकांना घेऊन, डोक्यावर मडकं घेऊन, शाळेपुढं येऊन ठेपली. शर्यतीतली माणसं उपाशी बसली असतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"याच बाया," उंच पोरगी सुभद्राबाईला दाखवत म्हणाली. "ही पुढं होती."

अमरनाथ साहेबांनी धनूकडं बोट केलं आणि सुभद्राबाईला सावकाश, तिला समजेल अशा कन्नडमध्ये विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

सुभद्राबाईनं एकदा साहेबाकडं बघितलं. मग रडणाऱ्या पोरीकडं, मग मिसच्या पांढऱ्या चेहऱ्याकडं. बाई काही खुळी नव्हती. काय झालं आणि आपल्या हातून काय झालं, ते तिला उभ्या उभ्या कळलं. सगळ्यात शेवटी तिनं धनूकडं बघितलं, एकदा बघावं आणि नजर काढून घ्यावी तसं.

"मला ठावं न्हाई कोनाची हाय," ती म्हणाली. "वाटंनं चालली व्हती."

बरोबरच्या बाया हातातले तांबे पदरानं पुसायला लागल्या.

झालं होतं. निकाल राहणार होता. धनूनं फक्त गप्प उभं राहायचं होतं, एवढंच काम. पहिल्यांदा तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. मग तिला दिसलं की आई आपल्याकडं बघेना झालीय. सकाळी लक्ष्मी बघायलीय म्हणणारी बाई त्याच लक्ष्मीच्या सणाला, तिच्यासाठी, भरल्या माणसांत खोटं बोलली होती. आणि बोलली होती ते असं, की लेकच नाही माझी. सगळं मिळालं होतं आणि ते तिला एक क्षणभरही सोसवेना.

"माझी आई हाय ती," ती म्हणाली.

मिसनी डोळे मिटले. सुभद्राबाईनं मात्र उघडले, आणि कसे उघडले.

"गप बसता येत न्हाई का तुला?" ती लेकीवर ओरडली. "जन्मात एक डाव गप बसायचं व्हतं, एकच डाव. मी खोटं बोलले ते कुनासाठी गं? माझ्यासाठी? मला का विजापूरला जायचंय?"

"मग तू मला वाटंवरची कामून म्हनलीस?"

"तुला तिकडं जायला मिळावं म्हनून म्हनले," सुभद्राबाई बोलली, आणि हे बोलून गेल्यावर तीच चपापली. सकाळपर्यंत ती उलटंच बोलत होती.

अमरनाथ साहेबांनी पेन काढलं. धनूचं नाव बाद करायला ते वळले, तशी सुभद्राबाई मडकं खाली ठेवून त्यांच्या आडवी आली. आता ती कन्नडमध्ये बोलायला लागली, स्वतःच्या मोडक्यातोडक्या, धावत्या कन्नडमध्ये, मधूनमधून मराठी घालत.

"थांबा सायब. पोरी मागं राहिल्या, ते माझ्या आंबलीनं राहिल्या. कबूल. माझी चूक. मग हिलाबी तेवढीच पाजते, तुमच्या डोळ्यांसमोर. आन् माझ्या शेतापास्नं तिघींना परत सोडा. जी येईल ती येईल."

"असं नियमात नाही," साहेब म्हणाले.

"वाटंनं उपाशी मानूस जाऊ द्यावं असं आमच्या नियमात न्हाई. तुमच्या मानसाला बी तिकडं जेवू घातलंय आम्ही. त्याला का बाद करत न्हाईत?"

साहेबांनी मान वळवली. पंच आत्ताच येऊन पोचला होता. मोटरसायकलवर बसूनच तो गालातला उंडा गिळायचा प्रयत्न करत होता. अमरनाथ साहेबांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं. पंच रस्त्यावर असता तर यातलं काहीच घडलं नसतं, हे शिक्षकालाही कळत होतं आणि साहेबालाही. भाग्यवंतीनं मिशी पुसली आणि कन्नडमध्ये सांगितलं, माझी तयारी आहे. उंच पोरीला तर कुणाला बाद करून मिळणारी जागा नकोच होती. ती आधीच सायकलवर बसली.

शेतापाशी तिघींना एका रेषेत उभं केलं. सुभद्राबाईनं दोन तांबे काठोकाठ भरले. लेक म्हणून थेंबभर कमी नाही.

"एक पुरे आई."

"त्यांनी दोन पिले. पी."

धनूनं पिले. पोट टम्म झालं. शिट्टी वाजली आणि तिघी सुटल्या. आंबील आतून हेलकावे खायला लागली, आणि या वेळी पाय आत्ताच, आत्ताच म्हणेनात, कारण पोटानं त्यांना जागेवर आणलं होतं. भाग्यवंती पुढं निघून गेली ती गेलीच. धनू उंच पोरीच्या चाकामागं राहिली. राहवत नव्हतं, तरी राहिली. शाळेची भिंत दिसली, भिंतीवरची अक्षरं वाचता यायला लागली, तरी राहिली. मग ती बाहेर निघाली, आणि रेघेवर तिचं चाक वीतभर पुढं होतं.

साहेबांनी दोन बोटं वर केली. धनू सायकल टाकून भिंतीकडं पळाली आणि सगळी आंबील तिनं भिंतीपाशी ओकून टाकली. मिस तिची पाठ चोळत हसत होत्या आणि रडतही होत्या.

रस्त्यावरनं सुभद्राबाई पळत येत होती, पदर खोचून, चपला हातात घेऊन. तिला वाटेत पहिला भेटला तो पंच.

"माझी पोरगी कितवी आली?" तिनं धापा टाकत विचारलं.

"दुसरी."

तिला ते पुरलं नाही. तिनं जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, माझी पोरगी कितवी आली. मग त्या रागावलेल्या शिक्षकाला विचारलं, माझी पोरगी कितवी आली. मग खुद्द अमरनाथ साहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सायब, ही माझी पोरगी. कितवी आली?"

साहेबांनी पुन्हा दोन बोटं दाखवली. सुभद्राबाई खाली बसली. दम खात तिनं भाग्यवंतीला विचारलं, "विजापूरकडं येळवस करत्यात का गं?"

"माडतार अक्का," भाग्यवंती म्हणाली. करत्यात.

"मग बरं हाय," सुभद्राबाई म्हणाली. "सायकलवर चालली असंल वाटंनं, तर कोनीतरी हात धरून जेवू घालंल." आणि एवढं बोलून ती तोंडात पदर धरून रडायला लागली.